पोलादपूरच्या डोक्यावर दोन मिनिटं

अन्याय झाला तो फर्स्ट ऑफिसर प्रज्ञा, तालुका पोलादपूर, हिच्यावर. म्हणजे माझ्यावर. मंगळवारी, सकाळी दहा वाजून एकवीस मिनिटांनी, मुंबईच्या रनवेवरून तीन हजार फूट उंचीवर, बासष्ट प्रवाशांच्या साक्षीने.

अन्याय माईकवरून झाला. विमान उतरता उतरता, चाकं टेकायच्या आधीच, पुन्हा वर गेलं होतं. आमच्या धंद्यात याला गो-अराउंड म्हणतात. तसं झालं की प्रवाशांना चार धीराचे शब्द सांगायचे असतात. आमचे कॅप्टन परेरा यांनी माईक उचलला आणि आधी इंग्रजीत, मग हिंदीत आणि शेवटी खास मराठीत सांगितलं, “मंडळी, घाबरू नका. आमच्या फर्स्ट ऑफिसर मॅडमच्या सरावासाठी आपण एक फेरी जास्त मारतोय.”

सराव! विमान त्या वेळी मी चालवतच नव्हते. ते स्वतः चालवत होते. मी शेजारच्या सीटवर बसून रेडिओ सांभाळत होते, समोरचे काटे-आकडे बघत होते आणि “वेग जास्त आहे सर” असं बजावत होते. चूक त्यांची, फेरी त्यांची, आणि नाव माझं. तेही तीन भाषांत.

इंग्रजी आणि हिंदीतलं खोटं मी एक वेळ पचवलं असतं. पण मागे एकोणीस बाया आमच्या वाडीतल्या होत्या, आणि त्यांना फक्त मराठीतलं कळलं.

या बाया विमानात कशा आल्या ते सांगते. आमच्या वाडीच्या बचत गटाची सहल गोव्याला गेली होती. गटाच्या अध्यक्ष सुमनकाकी. त्यांनी गटात ठराव मांडला होता की जाताना रेल्वे आणि येताना विमान. पण विमानात प्रज्ञा असेल तरच बसायचं, परक्याच्या हाती जीव द्यायचा नाय. ठराव एकमताने मंजूर. मग मी ड्यूट्या लावणाऱ्या माणसाच्या मागे आठवडाभर लागले, दोन सहकाऱ्यांच्या ड्यूट्या माझ्या अंगावर घेतल्या, आणि मंगळवारची गोवा-मुंबई फ्लाइट मिळवली. बाया नव्या साड्या नेसून, डबे घेऊन चढल्या. सुमनकाकींनी कॉकपिटच्या दारात वाकून पाहिलं आणि विचारलं, “स्टेरिंग कुठे हाय गो याला?”

“हे काय, काकी. दोन आहेत.”

“दोन? मंग भांडान होत असंल.”

किती खरं बोलली बाई.

आता विमानाबद्दल थोडं. आमचं विमान सत्तर सीटांचं जेट. दोन इंजिनं, शेपटीजवळ. मोठ्या विमानांत इंजिनाची ताकद आपोआप कमीजास्त करणारं यंत्र असतं. आमच्यात ते नाही. आमच्यात दोन सीटांच्या मधोमध दोन दांडे असतात, त्यांना थ्रस्ट लिव्हर म्हणतात. दांडे पुढे ढकलले की ताकद वाढते. पूर्ण मागे ओढले की इंजिन ‘आयडल’ला जातं, म्हणजे चालू असतं, पण काम करत नाही. शनिवारी दुपारच्या कचेरीसारखं.

या जेटच्या दोन खोडी आहेत. पहिली खोड अशी की ते फार गुळगुळीत आहे, हवेत अडत नाही. त्यामुळे उतरायला लागलं की वेग वाढतो, आणि वेग कमी करायचा तर उतरणं थांबवावं लागतं. दोन्ही एकदम मागितलं की विमान म्हणतं, एक काय ते ठरवा आणि मग मला सांगा.

दुसरी खोड इंजिनाची. आयडलवर पडलेल्या इंजिनाला हाक मारली तर ते लगेच ओ देत नाही. जेवून आडव्या झालेल्या जावयासारखं आधी कूस बदलतं, मग उठतं. त्यात सहा-सात सेकंद जातात. हवेत उंचावर असताना सहा-सात सेकंद म्हणजे काहीच नाही. जमिनीजवळ तेवढ्यात निकाल लागतो.

म्हणून नियम आहे. जमिनीपासून एक हजार फुटांवर आलो की सगळं जागेवर हवं. चाकं बाहेर, फ्लॅप बाहेर (पंखांच्या मागच्या त्या फळ्या, ज्या तुम्हाला खिडकीतून सरकताना दिसतात), वेग ठरल्याइतका, आणि इंजिनं जागी, आयडलवर नव्हे. यातलं एक जरी नसलं तरी उतरायचं नाही. वर जायचं, फेरी मारायची आणि पुन्हा यायचं. यात लाज नाही. उलट न जाण्यात गुन्हा आहे.

त्या मंगळवारी आम्ही एक हजार फुटांवर आलो तेव्हा वेग हवा होता एकशे पस्तीस नॉट. म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटर. होता एकशे पासष्ट, म्हणजे ताशी तीनशेच्या वर. आणि दोन्ही इंजिनं आयडलवर, गाढ झोपेत.

हे एकदम झालं नाही. मुळात आम्ही उंच राहिलो होतो. कॅप्टननी दांडे पूर्ण मागे ओढले, पंखांवरचे स्पॉयलर उघडले. स्पॉयलर म्हणजे वाऱ्याला अडवणाऱ्या झडपा. विमान थरथरायला लागलं. उंची कमी होत होती, पण वेग काही हटेना. त्यात जमिनीवरून विमानांना वाट देणाऱ्या कंट्रोलरने आमच्यावर मेहेरबानी केली. म्हणाला, “समोर मोकळं आहे, सरळ या.” एरवी अशी सवलत मिळाली की आम्ही खूश होतो. त्या दिवशी ती म्हणजे उतारावर मागून मिळालेला धक्का होता.

“स्पीड,” मी म्हणाले.

“बघतोय,” कॅप्टन म्हणाले.

“स्पीड, सर. तीस जास्त.”

“वेग बसेल गं. गुळगुळीत आहे, पण बसतं शेवटी.”

एक हजार फूट. मी पुस्तकात लिहिलंय तेच म्हटलं, “अनस्टेबल. गो-अराउंड.”

“पाचशेपर्यंत बसेल.”

पुस्तकात पुढचंही लिहिलंय. एकदा सांगून ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा सांगायचं. दुसऱ्यांदाही ऐकलं नाही तर विमान आपल्या हातात घ्यायचं. कॅप्टन बावीस वर्षं उडवतायत. मी तीन. माझा डावा हात दांड्यांच्या मागे जाऊन थांबला. मी मोठ्याने म्हटलं, “कॅप्टन परेरा, गो-अराउंड!”

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि दांडे पुढे ढकलले.

एक. दोन. तीन. नाक वर केलं. चार. पाच. मग जावई उठला. मागून हूं आवाज आला, पाठ सीटला चिकटली आणि रनवे आमच्याखालून निघून गेला. तो आवाज मला त्या दिवशी जेवढा गोड वाटला तेवढा कुठलाच बेंजो वाटलेला नाही. फ्लॅप एक पायरी आत, चाकं आत, तीन हजार फूट. सगळं नियमाप्रमाणे.

आणि मग माईक.

दुसऱ्या फेरीत विमान फुलासारखं टेकलं. प्रवासी उतरले. सुमनकाकी कॉकपिटच्या दारात थांबल्या. मागे अठरा बाया.

“शिकतेस व्हय गो अजून?” काकी म्हणाल्या. “आधी सांगाचं नाय? आमी समजलो तू पास हायस.”

“काकी, मी चालवत नव्हते.”

“असूंदे गो. पहिल्या वेळेला चुकतंच. माझ्या बी पहिल्या चार भाकऱ्या करपल्या.” मग आवाज बारीक करून, “आमाला काय, एका तिकिटात दोन वेळा खाली आलो.”

कॅप्टन परेरा मागे उभे राहून हसत होते.

मी पोलादपूरला पोचायच्या आधी बातमी पोचली होती. महाडच्या एमआयडीसीच्या शिफ्टच्या बसमध्ये तिचे तीन प्रकार झाले. एक, प्रज्ञा चाकं काढायला विसरली. दोन, प्रज्ञाला जागा सापडली नाय. तीन, प्रज्ञाला विमान पोलादपूरच्या स्टँडवर उतरवायचं होतं, पण डेपो मॅनेजरने परवानगी दिली नाय.

तिसरा प्रकार दिलीपदादाचा. दिलीपदादा म्हणजे आमच्या वाडीची सहाआसनी चालवणारा, तालुक्याचा आवाज. त्याच्या गाडीत सहा सीट, बसतात अकरा, आणि अकराही जण गाडीतून उतरल्यावर त्याचीच बातमी सांगतात.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण बुधवारी कंपनीतून फोन आला. चौकशी होईपर्यंत माझं नाव रोस्टरवरून काढलं होतं. म्हणजे विमानाच्या जवळही जायचं नाही. कॅप्टननी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की फर्स्ट ऑफिसरने ‘घाई केली’ आणि ‘दांड्यांकडे हात नेला’. चौकशी सोमवारी. तिथे ठरणार होतं की मी परत त्या सीटवर बसायचं की नाही.

मी महाडच्या कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते. दर मार्चला चवदार तळ्यावर गर्दीत उभी राहून ती हाताने वाटली आहेत. पत्रकाचा साचा मला पाठ आहे. पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला आणि कधी. शेवटच्या ओळीत मागणी. मधे छातीत दम असेल तेवढं. मी कंपनीला चार पानी निवेदन लिहिलं. वेग लिहिला, उंची लिहिली, कॅप्टनची तिन्ही भाषांतली वाक्यं लिहिली. त्यात पहिल्या पानावर एक वाक्य असंही होतं: ‘पोलादपूर परिसरावर असताना मी प्रवाशांना थोडक्यात माहिती दिली.’ निवेदन पाठवलं आणि घरी गेले.

माझे वडील, आप्पा, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षं घाटात बस चालवली. बम्परला ओरखडा नाही. त्यांनी चार पानं वाचली, चष्मा काढला, आणि एवढंच म्हणाले, “कागद जाम हाय.”

“खरं आहे सगळं, आप्पा.”

“असंल.”

शुक्रवारी सकाळी आप्पांना डोळे तपासायला महाडला न्यायचं होतं. दिलीपदादाची सहाआसनी. पुढे त्याच्या शेजारी मी, मागे आप्पा, सुमनकाकी, एक भोपळा आणि आणखी सात जण. आमच्या वाडीचा रस्ता आधी खिंडीपर्यंत चढतो, मग तीन वळणं घेत खाली उतरतो आणि तिसऱ्या वळणानंतर ओढ्यावरचा अरुंद पूल येतो.

चढ संपेपर्यंत दिलीपदादा एका हाताने गाडी आणि तोंडाने मला सांभाळत होता.

“काय गो पायलट, आज खाली बघ हां. रस्ता कुठे ते ध्यानात ठेव.”

“दादा, समोर बघा.”

“मी तर आयुष्यभर एका फेरीत उतरतो. दुसऱ्या फेरीचं डिझेल कोन देनार?” मागे हशा. “नाय, मी काय म्हनतो, पोलादपूरला विमानतळ करायचाच का? म्हंजे तुला सरावाला बरं!”

तेवढ्यात खिंड आली. दिलीपदादाने सवयीप्रमाणे गियरचा दांडा मधे आणला आणि सोडून दिला. न्यूट्रल. इंजिन भुर्रभुर्र करायला लागलं आणि गाडी आपल्या वजनाने निघाली. आमच्या भागात निम्मे ड्रायव्हर असेच उतरतात. डिझेल वाचतं म्हणतात.

“दादा, गियरमधे घ्या,” मी म्हणाले.

“तू आधी विमान घे गो गियरमधे!”

पुन्हा हशा. पहिलं वळण गेलं. भोपळा डावीकडून उजवीकडे गेला. दुसऱ्या वळणाला दिलीपदादाने ब्रेक दाबला आणि दाबूनच ठेवला. करपट वास आला. हशा कमी झाला.

“दादा! गियरमधे घ्या!”

आता त्याने दांड्याला हात घातला. पण आता वेग वाढला होता. गियर पडेना. गियरबॉक्सने अशी किंकाळी फोडली की ओढ्यावरचे बगळे उडाले. शेवटी त्याने गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीच्या बांधाला घासली, घासत घासत नेली, आणि ती पुलाच्या पंधरा पावलं अलीकडे थांबली. कोणाला काही झालं नाही. भोपळा फुटला.

आप्पा खाली उतरले, धोतराला लागलेल्या भोपळ्याच्या बिया झटकल्या आणि दिलीपदादापाशी गेले.

“ज्या गियरमधे चढलास त्याच गियरमधे उतराचं, हे तुला कितींदा सांगितलं?”

“टाकत होतो ना काका. पडंना.”

“उतार लागल्यावर गियर नाय पडत, दिलीप. गियर माथ्यावर टाकाचा. माथ्यावर काय करत होतास?”

दिलीपदादा खाली बघत म्हणाला, “बोलत होतो.”

“कुनाशी?”

“प्रज्ञाशी. तिला चिडवत होतो.”

सगळे हसले. मीही हसणार होते. गेले चार दिवस मी याच क्षणाची वाट बघत होते. पण आप्पा हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले.

“आनि तू गो? तुझ्या माथ्यावर काय करत होतीस?”

माझ्याआधी सुमनकाकी बोलल्या. अगदी प्रेमाने बोलल्या. “ती? ती आमाला रायगड दाखवत होती. किती झ्याक सांगितलंन काय सांगू भावजी! पोलादपूर दाखवलंन, नदी दाखवलंन, तळं दाखवलंन, आपल्या पोरांच्या कंपनीचं धुराडं दाखवलंन, मंग रायगड, मंग हिरकणीवाडी, मंग रोपवे. जाम वेळ सांगत होती. आमी समद्या उजव्या खिडकीला!”

आप्पांनी मान हलवली. एवढंच. मग म्हणाले, “चला, पुलापर्यंत चालत जाऊ. गाडी गार होऊंदे.”

मी मागून चालत गेले आणि चालता चालता हिशोब केला. हा हिशोब आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. एक हजार फूट उतरायला तीन मैल लागतात. आम्ही होतो चोवीस हजार फुटांवर. म्हणजे बहात्तर मैल आधी उतरायला सुरुवात करायची. मुंबईपासून बहात्तर मैलांवर काय आहे? पोलादपूर. आमच्या उताराचा माथा आमच्याच गावावर होता. कंट्रोलरने तिथे सांगितलं होतं, “तयार झालात की उतरा.” आता यंत्रात नवीन उंची लावताना दोघांनी ती समोरच्या आकड्यांच्या चौकटीत बघायची, बोट दाखवायचं आणि मोठ्याने म्हणायची, असा नियम आहे. एकट्याने करायचं नाही. आणि दोघांतली एक माईकवर होती. थोडक्यात माहिती देत होती.

जेट मिनिटाला सात मैल जातं. मी किती वेळ बोलले?

सोमवारी कंपनीच्या फ्लाइट सेफ्टीच्या मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही दोघं बसलो होतो. कॅप्टन परेरा आणि मी. समोर स्क्रीनवर विमानाच्या उंचीची एक रेषा. विमानातलं यंत्र सगळं नोंदवतं: उंची, वेग, दांडे कुठे होते, कोणी कधी हलवले. शेवटच्या दोन मिनिटांबद्दल वाद राहिलाच नाही. विमान कॅप्टन चालवत होते, वेग तीस जास्त होता, इंजिनं आयडलवर होती. मॅडमनी तिथे फार वेळ घालवला नाही.

“गो-अराउंड बरोबर होता,” त्या म्हणाल्या. “फर्स्ट ऑफिसरने दोनदा सांगितलं, बरोबर केलं. मला वेगळंच विचारायचंय. ही रेषा इथे वाकायला हवी होती.” त्यांनी स्क्रीनवर पेन ठेवलं. “वाकली इथे. चौदा मैल पुढे. का?”

मी चार पानी निवेदनात चौदा मैलांबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. कॉकपिटमधलं बोलणं टेप होतं, पण त्या विमानात टेपवर फक्त शेवटचे दोन तास राहतात, आणि ते विमान तेव्हापासून किती वेळा उडून आलं होतं. म्हणजे पुरावा नव्हता. मी गप्प बसले असते तर उशीर विमान चालवणाऱ्याच्या नावावर गेला असता. आणि गंमत बघा, कॅप्टन परेरा स्वतःच म्हणाले, “माझा निर्णय होता, मॅडम. मी थांबलो.”

माईकवर खोटं बोलणारा माणूस इथे मला वाचवायला खोटं बोलत होता! मला त्याचाही राग आला. माझ्या वाट्याची चूक मला का देत नाहीत हे लोक?

“उशीर माझा,” मी म्हणाले. “मी माईकवर होते. म्हणून उंची लावायला दुसरं माणूस नव्हतं.”

“किती वेळ?”

“थोडक्यात, मॅडम.”

“थोडक्यात म्हणजे?”

“दोन मिनिटं.”

मॅडमनी कागदावर सात गुणिले दोन लिहिलं, खाली रेघ मारली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “दोन मिनिटं काय सांगत होतात?”

मी सांगितलं. नदी, तळं, गड, वाडी, रोपवे.

“आणि?”

“एमआयडीसीचं धुराडं.”

“धुराडं?”

“ते उजव्या बाजूला ठळक दिसतं, मॅडम. आणि आमच्या वाडीची निम्मी माणसं तिथे कामाला आहेत.”

मॅडम कॅप्टनकडे वळल्या. “आणि तुम्ही मधे थांबवलं का नाही?”

कॅप्टन परेरा मूळचे वसईचे. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. “ऐकत होतो,” ते म्हणाले. “आमच्या वसईवरून रोज जातो आपण. कधी कोणी असं सांगत नाही.”

मॅडमनी हे लिहून घेतलं नाही. मग त्यांनी माझं निवेदन उचललं. “आता ही सरावाची गोष्ट. कॅप्टन, असं का सांगितलं?”

“प्रवासी घाबरू नयेत म्हणून.”

“मग ‘माझा सराव चाललाय’ असं का नाही सांगितलं? बावीस वर्षांच्या पायलटचा सराव चाललाय म्हटल्यावर प्रवासी घाबरले असते?”

कॅप्टन म्हणाले, “हो.”

मग एकटेच हसले, आणि मग हसायचे थांबले. “सॉरी, प्रज्ञा,” ते म्हणाले.

“मला नको, सर. त्या एकोणीस जणींना सांगा. मराठीत.”

निकाल असा. दोघांनाही सिम्युलेटरमध्ये पाठवलं. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरचं खोटं विमान, त्यात खरा घाम येतो. तिथे आम्हाला मुद्दाम उंच आणि वेगात ठेवलं आणि दिवसभर फेऱ्या मारायला लावल्या. म्हणजे सराव शेवटी झालाच. आठवड्याने माझं नाव रोस्टरवर परत आलं. कंपनीने नवीन सूचना काढली: उतरण्याची परवानगी मिळाल्यापासून विमान उतरायला लागेपर्यंत पायलटने प्रवाशांच्या माईकला हात लावायचा नाही. सूचनेवर नाव नाही. पण सगळे पायलट तिला ‘धुराडं’ म्हणतात. “कंट्रोलरने सोडलं, आता धुराडं.” म्हणजे आता गप्प.

कॅप्टन परेरांनी शब्द पाळला. बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा आवाज आला. वसईच्या हेलात. “नमस्कार, मी कॅप्टन परेरा. त्या दिवशी विमान मी चालवत होतो. वेग मी आवरला नाय. तुमच्या प्रज्ञाने दोनदा सांगितलं म्हणून आपण वर गेलो. सराव तिचा नव्हता. मी खोटं बोललो, माफ करा.”

मग सुमनकाकींचा आवाज. “असूंदे बाबा. शिकशील. आमच्या बी पहिल्या चार भाकऱ्या करपल्या.”

मी ते माझ्या हेडफोनवर ऐकलं, मुंबईच्या विमानतळावर, सगळ्या पायलटांमध्ये बसून. आणि आप्पांना फोन केला. त्यांनी विचारलं, “सीट मिळाली?”

“मिळाली.”

“मंग आता माथ्यावर गप बस.”

आता मागणी. ही तुमच्याकडे आहे, वाचणाऱ्याकडे.

विमान टेकता टेकता पुन्हा वर गेलं तर ‘कोण शिकतंय’ असं विचारू नका. आत कोणीतरी दुसऱ्यांदा सांगायची हिंमत केलेली असते, म्हणून तुम्ही ते विचारायला जिवंत आहात. विमान नेहमी नशिबी नसतं, पण घाट रोज असतो. तुमचा ड्रायव्हर माथ्यावर असेल तेव्हा त्याला चिडवू नका, त्याच्याकडून बातमी ऐकू नका, त्याला रायगड दाखवू नका. त्याने न्यूट्रल मारला तर म्हणा, “दादा, गियरमधे घ्या.” तो हसेल. मागचे सगळे हसतील. तेव्हा पुन्हा म्हणा, मोठ्याने, नाव घेऊन.

दिलीपदादाची गाडी वाडीतून रोज सकाळी आठला सुटते. खिंड आठ वाजून बारा मिनिटांनी येते. उद्या त्यात बसा, आणि तिथून सुरुवात करा.